जननांग परिसरातील ओलावा व त्वचादाह (पुरुष)

पुरुषांच्या जांघा, वृषणकोश, शिश्नमुंड आणि अग्रत्वचा या भागांत ओल साचून राहिल्यामुळे त्वचा लाल होणे, खाजणे, चुरचुरणे, सोलवटणे किंवा तिच्यावर पुरळ उठणे या तक्रारींना एकत्रितपणे जननांग परिसरातील त्वचादाह असे म्हटले जाते. हा एकच एक रोग नाही. घामाने भिजलेल्या त्वचेचे साधे घर्षण, बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग, एखाद्या पदार्थाची अधिहृषता, मधुमेहासारखा शरीरांतर्गत विकार अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात आणि वरवर पाहता त्यांची लक्षणे एकमेकांसारखीच दिसतात. या भागाविषयी बोलण्याचा संकोच असल्यामुळे पुष्कळ रुग्ण डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणतात. असे मलम स्टेरॉइडयुक्त असल्यास मूळ विकार झाकला जातो आणि नंतर अधिक चिवट रूपात पुढे येतो. भारतात गेल्या काही वर्षांत जांघेतील नायट्याचे स्वरूपच बदलले आहे, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

त्वचेची रचना

वृषणकोशाची त्वचा शरीरातील अतिशय पातळ त्वचांपैकी एक आहे. तिच्यावर सुरकुत्या असतात, तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतो आणि तिच्यात घर्मग्रंथी भरपूर असतात. ही रचना सप्रयोजन आहे. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी राहणे आवश्यक असते. उष्णतेत वृषणकोश सैल होऊन खाली उतरतो, थंडीत आक्रसून शरीरालगत येतो आणि घामाच्या बाष्पीभवनाने त्याला गारवा मिळतो. म्हणजेच या भागाला घाम येणे हा दोष नसून तेथील नैसर्गिक व्यवस्थेचाच एक भाग आहे. बाष्पीभवनाला वाव मिळाला नाही, की अडचण सुरू होते.

त्वचा पातळ असल्याने तिच्यातून पदार्थ सहज आत शिरतात. फेल्डमन व मायबाख यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन हे औषध हाताच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूच्या त्वचेपेक्षा वृषणकोशाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट अधिक शोषले गेल्याचे आढळले. हातापायावर सहज सोसणारे औषध, साबण किंवा जंतुनाशक द्रव या ठिकाणी आग का करते, याचा उलगडा या एका आकड्यावरून होतो.

जांघेची त्वचा तुलनेने जाड असते, पण तेथे त्वचेवर त्वचा टेकलेली असते. अशा घड्यांमध्ये हवा खेळत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो व ही आम्लता सूक्ष्मजीवांना आवर घालते. घड्यांमधील ओलसर त्वचेत ती कमी झालेली असते. सुंता न झालेल्या पुरुषांमध्ये अग्रत्वचा व शिश्नमुंड यांमधील जागाही अशीच बंदिस्त असते. तेथे गळून पडलेल्या पेशी व स्निग्ध स्राव मिळून पांढरट थर तयार होतो, ज्याला स्मेग्मा म्हणतात. स्मेग्मा तयार होणे स्वाभाविक आहे, तो दीर्घकाळ साचून राहिल्यास मात्र दाह होऊ शकतो.

ओलाव्याचे स्रोत

बहुतेक वेळा हा ओलावा घामाचा असतो. जननांग परिसरात दोन प्रकारच्या घर्मग्रंथी आढळतात. सर्व शरीरभर असलेल्या ग्रंथी पाण्यासारखा पातळ घाम स्रवतात. काख व जननांग परिसरातील विशेष ग्रंथी पौगंडावस्थेत कार्यरत होतात आणि त्यांचा स्राव किंचित दाट असतो. ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास येतो. त्यामुळे वयात येणाऱ्या मुलांना या सुमारास प्रथमच जाणवणारा वास अस्वच्छतेचाच असतो असे नाही.

हवामानाचा परिणाम मोठा आहे, पण तो केवळ उष्णतेचा नाही. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात घाम खूप येतो, तरी तो लवकर वाळतो. मुंबईत व कोकणपट्टीत हवेतच बाष्प अधिक असल्याने तोच घाम अंगावर राहतो. पावसाळ्यात त्यात आणखी भर पडते, कारण दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट आतले कपडे तसेच घातले जातात. दिवसभर मोटारसायकलवर किंवा वाहनाच्या रेक्झिनच्या आसनावर बसणारे चालक, भट्टीजवळ काम करणारे कामगार, जाड गणवेश घालणारे पोलीस व सुरक्षारक्षक, खेळाडू आणि स्थूल व्यक्ती यांच्यात या तक्रारी अधिक आढळतात.

दुसरा, फारसा न बोलला जाणारा स्रोत म्हणजे लघवीचे थेंब. लघवी झाल्यानंतर मूत्रमार्गाच्या वृषणकोशामागील वळणात थोडी लघवी अडकून राहते व कपडे नीट केल्यावर हालचालीबरोबर बाहेर येते. चाळिशीनंतर ही तक्रार वाढते, मात्र ती तरुणांतही आढळते. लघवीनंतर काही क्षण थांबून वृषणकोशाच्या मागे बोटांच्या टोकांनी हलका दाब देत तो पुढे शिश्नाच्या मुळाकडे आणल्यास अडकलेली लघवी बाहेर पडते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामानेही उपयोग होतो. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे किंवा लघवीवर ताबा न राहणे ही लक्षणे असल्यास पुरःस्थ ग्रंथीची तपासणी आवश्यक ठरते.

लैंगिक उत्तेजनेच्या वेळी मूत्रमार्गातून येणारा पारदर्शक, बुळबुळीत स्राव स्वाभाविक असतो. तो किंवा लघवीसोबत जाणारा पांढरट पदार्थ म्हणजे वीर्यनाश होय व त्यातून अशक्तपणा येतो, अशी समजूत भारतीय उपखंडात खोलवर रुजलेली आहे. या समजुतीतून येणाऱ्या चिंता, थकवा व उदासीनतेला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. तेथे शरीराला नव्हे, तर मनातील भीतीला उपचाराची गरज असते. याउलट मूत्रमार्गातून येणारा पिवळसर किंवा पुवासारखा स्राव आणि लघवी करताना होणारी जळजळ ही परमा किंवा अन्य लैंगिक संसर्गाची लक्षणे असू शकतात व त्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते.

ओलाव्यापासून दाहापर्यंत

बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवलेल्या बोटांची त्वचा पांढरी, फुगीर व मऊ होते. घड्यांमधील त्वचेचेही तसेच होते. अशा भिजलेल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कमकुवत बनतो आणि चालताना होणाऱ्या घर्षणाने सोलवटतो. लांब चालणाऱ्यांना मांड्यांच्या आतल्या बाजूस हा अनुभव येतो. घर्षण थांबले आणि जागा कोरडी राहिली, तर त्वचा काही दिवसांत पूर्ववत होते.

तसे न झाल्यास सोलवटलेल्या त्वचेत सूक्ष्मजीव जम बसवतात. खाज सुटते, खाजवल्याने त्वचेला जखमा होतात, जखमांतून पुन्हा लस येते आणि ओलावा वाढतो. हे चक्र महिनोन्महिने चालू राहिल्यास त्वचा जाड, काळपट व चामड्यासारखी होते. वृषणकोशावर हा प्रकार विशेषतः आढळतो. तेथे मूळ संसर्ग केव्हाच नाहीसा झालेला असतो, पण खाजवण्याची सवय मात्र राहिलेली असते.

प्रमुख विकार

नायटा. गजकर्ण या नावानेही ओळखला जाणारा हा बुरशीजन्य संसर्ग जांघेत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जांघेच्या घडीपासून मांडीच्या आतल्या बाजूस पसरत जाणारा लालसर चट्टा, त्याची उठावदार, खवलेदार कड आणि मध्यभागी काहीशी निवळलेली त्वचा हे त्याचे ठळक स्वरूप होय. वृषणकोश सहसा त्यातून सुटतो. अनेक रुग्णांच्या पायांच्या बोटांमधील बेचक्यांतही हीच बुरशी असते. आतले कपडे पायांतून वर चढवताना ती जांघेत पोहोचते. म्हणून पायाला संसर्ग असल्यास आधी मोजे व नंतर आतले कपडे घालण्याचा सल्ला दिला जातो. जांघेवर उपचार करून पायाकडे दुर्लक्ष केल्यास नायटा परत येतो.

कँडिडाचा संसर्ग. कँडिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी निरोगी माणसाच्या शरीरावरही वास करते. ओलावा, साखर किंवा घटलेली प्रतिकारशक्ती यांचा आधार मिळाला की ती वाढते. त्वचा गडद लाल व ओलसर दिसते आणि मुख्य चट्ट्याच्या आसपास लहान लहान पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. नायट्याप्रमाणे ती वृषणकोशाला सोडत नाही. खाजेबरोबर आगही होते.

इरिथ्राझ्मा. हा जिवाणूजन्य संसर्ग असून त्यात जांघेत तपकिरी, सपाट, बारीक कोंडा असलेले चट्टे येतात. खाज नसते किंवा अगदी कमी असते. वुड्स दिव्याच्या अतिनील प्रकाशात हे चट्टे पोवळ्यासारखे लाल चमकतात, त्यामुळे ओळख पटते. बुरशीविरोधी मलमे महिनोन्महिने लावूनही न जाणारा ‘नायटा’ कित्येकदा हाच असतो.

शिश्नमुंडदाह. अग्रत्वचेखालील भाग लाल होणे, त्यावर पांढरट थर येणे, बारीक चिरा पडणे व दुर्गंधीयुक्त स्राव येणे ही त्याची लक्षणे. अस्वच्छता हे एक कारण असले, तरी साबणाने वारंवार घासून धुणे हेही तितकेच वारंवार आढळणारे कारण आहे. दाह पुन्हा पुन्हा झाल्यास अग्रत्वचेवर व्रण तयार होऊन ती आवळली जाते. अग्रत्वचेवर पांढरट, कडक पट्टा दिसल्यास लायकेन स्क्लेरोसस या विकाराची शंका घ्यावी लागते. तान्ह्या व लहान मुलांमध्ये अग्रत्वचा मागे न सरकणे हे नैसर्गिक असते, ती जबरदस्तीने मागे ओढू नये.

संपर्कजन्य त्वचादाह. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव, केस काढण्याची क्रीम, कपड्यांत राहिलेला धुण्याचा सोडा, रबरी इलॅस्टिक, लॅटेक्सचे निरोध आणि खाजेवर लावलेली औषधे यांमुळे हा दाह होतो. नायट्यावर वापरली जाणारी सॅलिसिलिक आम्ल व बेंझोइक आम्ल यांची मलमे पायाच्या जाड त्वचेवर उपयुक्त असली, तरी वृषणकोशाची कातडी त्यांनी सोलून निघते. लसणाचा ठेचा किंवा लिंबाचा रस लावण्याच्या घरगुती उपायांनी भाजल्यासारख्या जखमा होतात.

खरजेत सूक्ष्म किडे त्वचेत बिळे करतात. रात्री वाढणारी खाज, घरातील इतरांनाही तीच तक्रार आणि वृषणकोश व शिश्नावर वाटाण्याहून लहान खाजऱ्या गाठी यांवरून ती ओळखता येते. किडे मेल्यानंतरही या गाठी काही आठवडे राहू शकतात. त्यामुळे औषधाचा उपयोग झाला नाही असे समजून ते पुन्हा पुन्हा लावण्याची चूक होते. याशिवाय घड्यांमधील सोरायसिस, काख-जांघांत वारंवार गळवे येणारा हायड्रॅडेनायटिस हा विकार, जांघेतील उवा आणि ‘ब-२’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा वृषणकोशाचा दाह यांचाही विचार निदान करताना केला जातो. बऱ्या न होणाऱ्या चट्ट्यामागे क्वचित त्वचेचा कर्करोगही असतो.

स्टेरॉइड मलमांचा प्रश्न

स्टेरॉइड हे दाह शमवणारे प्रभावी औषध आहे आणि इसब किंवा लायकेन स्क्लेरोसस यांसारख्या विकारांत त्याचा योग्य वापर आवश्यकच असतो. बुरशीच्या संसर्गात मात्र ते उलट काम करते. त्वचेचा लालपणा व खाज ही शरीराने बुरशीविरुद्ध दिलेली प्रतिक्रिया असते. स्टेरॉइडने ही प्रतिक्रिया दबते, दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि रुग्णाला आराम पडल्यासारखे वाटते. प्रतिकार थांबलेला असल्याने बुरशी मात्र निर्धास्त पसरत राहते. मलम बंद करताच आग व खाज दुपटीने परत येते, म्हणून रुग्ण ते पुन्हा सुरू करतो. नायट्याची ओळखीची कड पुसली जाते, चट्ट्यात चट्टे उमटतात आणि तो जांघेतून नितंब व पोटापर्यंत पसरतो. अशा रूप पालटलेल्या नायट्याला आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ साली ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेश बदललेला नायटा, असे नाव दिले.

जांघेत तीव्र स्टेरॉइड सतत लावल्यास त्वचा पातळ होऊन तिच्यावर गर्भवतीच्या पोटावर दिसतात तसे, पण अधिक रुंद व लाल-जांभळे ताण-व्रण उमटतात. ते पुढे फिके पडले, तरी पूर्णपणे जात नाहीत. वृषणकोशाची त्वचा कायम लाल व जळजळणारी होणे हाही दीर्घ वापराचा एक परिणाम आहे. तेथे खाजेपेक्षा आग जास्त असते आणि मलम थांबवल्यावर ती शमण्यास बराच काळ जातो.

भारतात क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीविरोधी औषध एकाच नळीत भरलेली मिश्र मलमे दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर विकली गेली. ‘कशावरही चालणारे’ म्हणून ती लोकप्रिय झाली. त्यांची किंमत कमी असते व खाजही तातडीने थांबते, त्यामुळे दुकानदार आणि ग्राहक दोघेही समाधानी असतात. या गैरवापराविरुद्ध भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने स्वतंत्र कृतिगट स्थापन केला. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड औषधांचा ‘एच’ अनुसूचीत समावेश केला, ज्यामुळे ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आणि प्रत्यक्ष विक्री यांत अंतर राहिले आहे. नळीवरील घटकांच्या यादीत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असल्यास ते मलम स्टेरॉइडयुक्त आहे असे समजावे.

याच काळात उपचारांना दाद न देणारी बुरशीची एक प्रजाती भारतीय उपखंडात पसरली. २०२० साली जपानमधील संशोधकांनी तिचे ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नामकरण केले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाचा परिणाम होत नाही, कारण हे औषध ज्या वितंचकाला रोखते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता कित्येक रुग्णांमध्ये काही महिने चालतो आणि पतीपत्नी व मुलांसह सारे घर बाधित झालेले दिसते.

मधुमेहाशी संबंध

मधुमेहात लघवीतून साखर जाते. अग्रत्वचेखाली राहिलेले असे थेंब कँडिडाला पोषक ठरतात. प्रौढ पुरुषाला शिश्नमुंडदाह वारंवार होणे हे मधुमेहाचे पहिलेच लक्षण असू शकते, म्हणून अशा रुग्णाची रक्तशर्करा तपासली जाते. मलमाने प्रत्येक वेळी बरे वाटत गेल्यास हा इशारा वर्षानुवर्षे निसटतो.

डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे रक्तातील जादा साखर मूत्रावाटे बाहेर टाकूनच काम करतात. डापाग्लिफ्लोझिनवरील एकस्वाची मुदत भारतात २०२० साली संपल्यानंतर त्याचे स्वस्त पर्याय आले व वापर वाढला. हृदय व मूत्रपिंड यांनाही ही औषधे हितकारक आहेत. मात्र ती घेणाऱ्यांत जननांगाचा बुरशीसंसर्ग अधिक प्रमाणात होतो. लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करण्याची सवय उपयोगी पडते. संसर्ग झाल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

निदान

अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाला बहुतेक विकार पाहून ओळखता येतात. शंका असल्यास चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असल्यास तिचे धागे दिसतात. ही तपासणी स्वस्त असून काही मिनिटांत होते. तपासणीआधी काही दिवस कोणतेही मलम लावलेले नसल्यास तिचा निष्कर्ष अधिक विश्वसनीय असतो. आधी वापरलेल्या नळ्या सोबत नेल्यास निदानास फार मदत होते, कारण रुग्णाला त्यांची नावे सहसा आठवत नाहीत. लैंगिक संसर्गाची शक्यता असल्यास शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गोपनीयता राखून तपासणी व समुपदेशन केले जाते. अशा वेळी जोडीदाराचाही उपचार करावा लागतो.

उपचार व काळजी

उपचार कारणानुसार ठरतो. बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल यांसारखी केवळ बुरशीविरोधी मलमे चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावतात. खाज थांबल्यावरही ती थांबवायची नसतात. चट्टा दिसेनासा झाल्यानंतर साधारण दोन आठवडे लावत राहावे लागते. पसरलेल्या संसर्गात पोटातून इट्राकोनॅझोलसारखी औषधे दिली जातात. त्यांचे यकृतावर व इतर औषधांवर परिणाम होत असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी लागतात. संपर्कजन्य दाहात त्रासदायक पदार्थ बंद करणे हाच मुख्य उपचार असतो.

रोजच्या काळजीत धुण्यापेक्षा कोरडे करण्याला अधिक महत्त्व आहे. दिवसातून एकदा, आणि खूप घाम आल्यास पुन्हा, पाण्याने व सौम्य साबणाने जांघ धुणे पुरेसे असते. प्रौढांनी अग्रत्वचा सहज सरकेल तितकी मागे घेऊन तेथे केवळ पाणी वापरावे, पुसून झाल्यावर ती पुन्हा पुढे आणावी. टॉवेलने घासण्याऐवजी टिपून घ्यावे आणि कपडे घालण्यापूर्वी काही मिनिटे हवा लागू द्यावी. संसर्ग असलेल्याचा पंचा किंवा टॉवेल घरात इतरांनी वापरू नये.

आतले कपडे सुती व सैलसर असावेत. रात्री लुंगी, धोतर किंवा सैल पायजमा वापरल्यास जागा मोकळी राहते. व्यायामशाळेतील घट्ट लंगोट किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घामासकट अंगावर तासन्‌तास ठेवू नयेत. साध्या गार पाण्यात धुतलेल्या कपड्यांत बुरशी जिवंत राहू शकते. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुणे व कडक उन्हात उलटे करून वाळवणे उत्तम. पावसाळ्यात, ऊन नसताना, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवता येते.

पावडरीविषयी मतभेद आहेत. निरोगी, कोरड्या त्वचेवर थोडी पावडर घर्षण कमी करते, ओल्या त्वचेवर टाकल्यास मात्र तिचे गोळे होऊन ते काचतात. लांब चालणाऱ्यांना व धावपटूंना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर अधिक उपयोगी ठरतो. केस पूर्णपणे काढण्याची गरज नसते. वस्तऱ्याने बारीक जखमा होऊन केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, म्हणून कात्रीने आखूड करणे बरे. स्थूल व्यक्तींमध्ये वजन कमी झाल्यास घड्यांतील घर्षणही कमी होते.

तातडीच्या अवस्था

मागे घेतलेली अग्रत्वचा पुढे येईनाशी होऊन शिश्नमुंडाला सूज आल्यास रक्तप्रवाह अडतो. अशा वेळी काही तासांच्या आत रुग्णालयात जावे लागते. वृषणाला अचानक तीव्र वेदना होणे हेही तातडीचे लक्षण आहे. त्याचा त्वचेशी संबंध नसून वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. जननांग परिसरात झपाट्याने पसरणारी सूज, दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य वेदना, ताप, त्वचा काळी पडणे व दुर्गंधी ही फोर्निअर गँग्रीनची लक्षणे होत. फ्रेंच डॉक्टर झाँ आल्फ्रेद फोर्निअर यांनी १८८३ साली या विकाराचे वर्णन केले. तो दुर्मीळ असला तरी मधुमेहींमध्ये अधिक आढळतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास प्राणघातक ठरतो. वेदना नसलेली पण काही आठवड्यांत न भरणारी जखम किंवा गाठ तातडीची नसते, तरी तिचा तुकडा काढून तपासणे टाळू नये.

इतिहास

घाम, मळ व खाज यांचा संबंध प्राचीन वैद्यकाला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘वृषणकच्छू’ हा विकार सांगितला आहे. स्नान व उटणे न करणाऱ्याच्या वृषणावर साचलेला मळ घामाने भिजला की खाज सुटते आणि खाजवल्याने फोड येऊन स्राव होतो, असे त्याचे वर्णन आहे. त्याच प्रकरणात अग्रत्वचा आवळण्याला ‘निरुद्धप्रकश’ आणि ती मागे अडकण्याला ‘परिवर्तिका’ ही नावे आढळतात. नायट्याला आयुर्वेदात ‘दद्रु’ म्हणतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात उगवणाऱ्या व भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या टाकळ्याचे ‘दद्रुघ्न’ हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले आहे.

या भागातील ओलाव्याबरोबर साचणारा मळ केवळ खाजेपुरता मर्यादित राहत नाही, हे १७७५ साली इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले. लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या सुरकुत्यांत काजळी साचून तेथे कर्करोग होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. व्यवसायजन्य कर्करोगाचे हे पहिले वर्णन मानले जाते.

वसाहतकाळात भारतातील युरोपीय लोक जांघेतील नायट्याला ‘धोबी इच’ म्हणत; धोब्याने धुतलेल्या कपड्यांतून तो लागतो अशी त्यांची समजूत होती. कपड्यांतून बुरशी पसरू शकते हे खरे असले, तरी जांघेत वाढीला लागणारा ओलावा ज्याचा त्याचाच असे. धोब्याच्या नावाने ओळखला गेलेला दुसरा एक त्वचाविकार मात्र खरोखरच धुलाईतून येत असे. कपड्यांवर खूण करण्यासाठी धोबी बिब्ब्याचे तेल वापरत आणि त्या तेलाची अधिहृषता असलेल्याच्या त्वचेवर, खूण जेथे टेकेल नेमक्या तेथे, पुरळ व फोड उठत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये असे रुग्ण आढळले आणि १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात त्यांची नोंद झाली. बिब्बा उतल्याचा अनुभव महाराष्ट्रातील खेड्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होता.